ओळ क्रमांक एकशे त्रेचाळीस

आरळ्याच्या वरच्या अंगाला दीड एकर भात.
लांबून बघितलं तर कुणा वेड्यानं लावल्यासारखं:
एक ओळ गुडघ्याएवढी, शेजारची खांद्याला लागणारी,
एक लोंबीनं वाकलेली, एक अजून हिरवी, उनाड.

ही माझी नोकरी.
रोज रजिस्टर घेऊन चिखलात उतरायचं आणि लिहायचं
कोण किती दिवसांनी निसवलं,
परवाच्या वाऱ्यात कोण लोळलं.

सुरुवात एका फुलापासून.
कात्रीनं टोक छाटून, चिमट्यानं
सहाही पुंकेसर काढले, श्वास धरून,
वर कागदाची टोपी.
आई केंद्रातली, ठेंगणी, भरघोस, नंबरवाली.
बाप दस्तगीर मुजावरांचं तांबकुडं,
उंच, हलक्या वाऱ्यालाही आडवं होणारं,
पण करपा त्याच्या वाटेला जात नाही
आणि शिजलं की तिसऱ्या घराला कळतं.

मग आठ पिढ्या. दर पिढीला
एका रोपाचा एकच दाणा पुढं.
एकशे चौऱ्याऐंशी ओळी. त्यातल्या दोन गेल्या,
एक खेकड्यानं कापली, एक माझ्याच पायाखाली.
रजिस्टरात दोघींपुढं एकच शेरा: नष्ट.

पानांचे तुकडे बर्फाच्या पेटीतून कऱ्हाडला गेले,
तिकडून नकाशा आला.
बारा उभ्या काठ्या, त्यांवर आडव्या रेघा.

मुजावरचाचा बांधावर आले.
"ह्यातलं माझं कंचं?"
सगळ्यांत थोडं थोडं, मी म्हटलं.
"मंजी कशातच न्हाई."
मी मोबाईलवर काठ्या दाखवल्या.
अकरावीवर करप्याशी झुंजणारं काहीतरी,
आठवीवर वास.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"आन् वारणा कुठाय ह्यात?"

मला उत्तर सुचेपर्यंत ते पाण्यात उतरले होते.
पानं चुरगाळत, नाकाशी नेत,
ओळीमागून ओळ, एक शब्द न बोलता.
एका ठिकाणी थांबले.
"हे."

एकशे त्रेचाळीस.
कऱ्हाडचा कागद म्हणतो, हिच्यात वास नाही.
मी पान चुरगाळलं.
होता.

नकाशा चुकला असेल,
किंवा पाकिटावर नंबर घालताना माझा हात.
दुसऱ्याचीच शक्यता जास्त; त्या दिवशी
पावसानं शाई पसरत होती आणि मला बस गाठायची होती.

कोवळं पान खुडलं, कोरं पाकीट काढलं.
या वेळी चाचांनी खुंटीवरची पाटी पुसून
मोठ्यानं वाचली, मी लिहिलं:
एक.
चार.
थांबा, चिखल आहे वर.
तीन.