लई

विजयनगरच्या कोर्टासमोर, झेरॉक्सच्या बोळात माझं टेबल.
पाटीवर: मराठीचं इंग्रजी, इंग्रजीचं मराठी,
पानाला ऐंशी रुपये. शिक्का वेगळा.

मार्चअखेर पारूबाई ऐवळे आल्या,
सावळजहून दोन एसट्या बदलून,
मगदूम वकिलांची चिठ्ठी मुठीत:
यांचं प्रतिज्ञापत्र. आजच पाहिजे.
अकरा वर्षं बेदाण्याच्या शेडवर निवडायला.
हिरवा इकडं, पिवळा तिकडं, काळा खाली,
काडी वेचून ओच्यात.

मी म्हटलं, सांगा.
धूर लई हुता, म्हणाल्या.
मग दवाखान्यानं पैसं लई घेतलं.
मग मालकानं लई दिवस लावलं.
मग त्येचा माणूस घरी आला,
कागद मागं घे म्हणून लई दाबलं.
त्याच साली धाकट्या जावंच्या पोराचं लगीन,
तिथंबी लई उडवलं,
पर त्ये नगा लिवू.

चार लई. पाचवा वगळून.

इंग्रजीत चौघांना चार घरं लागतात,
एकाचं दुसऱ्याला चालत नाही.
बिलाला एक्झॉर्बिटंट. हा पैशापाशीच बसतो,
याच्या पोटात चाकोरी सोडून गेलेलं एक चाक आहे.
उशिराला इनऑर्डिनेट,
कोर्टाचा जुना जावई, कोट घालूनच येतो.
दाबाला अनड्यू. अंगानं बारका,
पण कलमात नीट मावतो.
एक्स्ट्रॅव्हॅगंट हाताशी आला होता, लग्नासाठी;
तो होता तिथं परत ठेवला.

मजा येत होती मला, खोटं कशाला बोलू.
आपल्याकडं तरी काय कमी?
दर अवाच्या सवा, हाल अतोनात,
खर्च वारेमाप, बोलणं फाजील, पीक बक्कळ,
आणि कृष्णा आयर्विन पुलाला टेकते तेव्हा
पाणी बेसुमार.
पारूबाईंनी यातलं काहीच उचललं नाही.
त्यांच्या पाटीत एकच दाणा,
दर वेळी रंग वेगळा.

अडलो ते धुरापाशी.
एक्सेसिव्ह लिहिलं आणि थांबलो.
मापाच्या वर, ठीक. माप कुणाचं?
समोरचा वकील विचारणार,
गंधक किती किलो, पंखे किती,
बाकीच्या बायकांना कसं काही झालं नाही.
म्हणून मीच विचारलं,
बाई, लई म्हणजे किती?

त्या रागावल्या नाहीत.
टेबलावर सांडलेल्या स्टेपलरच्या पिना
एका बोटानं एकीकडं करत म्हणाल्या,
हिरवा कुटला, पिवळा कुटला, दिसंना, सायेब.
हातानं निवडाय लागले.
हाताला रंग कुटनं कळंल?

झेरॉक्सवाला कुणालातरी म्हणत होता,
दोन्ही बाजूंनी काढू का?

मी एक्सेसिव्ह पुसला.
लिहिलं ते एवढंच:
त्या दिवशी दुपारी चारनंतर
अर्जदाराला हिरवा आणि पिवळा बेदाणा
वेगळा ओळखता येत नव्हता.
इंग्रजीत ते वाक्य अगदी पोरासारखं दिसत होतं,
बिनचपलेचं.

मगदूम वकिलांनी वाचलं, मान हलवली,
आणि धुराच्या आधी निळ्या शाईनं
एक्सेसिव्ह परत घातला.
राहू द्या हो गुरव, म्हणाले,
कोर्टाच्या कानाला सवय असते.
मी पुन्हा टाइप केलं.
पान तेवढंच राहिलं, पैसेही तेवढेच.

पारूबाईंनी आठ नोटा मोजून दिल्या, दहा-दहाच्या,
वर कागदाची एक पुडी.
हे जादा झालं, मी म्हटलं.
ऱ्हाऊ द्या की, लई न्हाईत.

एसटीची वेळ झाली होती, त्या गेल्या.
पुडी मी उशिरा सोडली.
बोळातला दिवा अजून लागायचा होता,
हिरवे असतील, पिवळे असतील,
एखादी काडीही लागली दाताखाली.