नकाशावाचन

सातवीच्या वर्गात मी फळ्यावर लिहितो:
स्थान म्हणजे अक्षांश आणि रेखांश.
ते हलत नाही.
गाव हलतं.
हे पुस्तकात नाही, पण आमच्याकडे सगळ्यांना तोंडपाठ.

तापीवर धरण झालं, पाणी मागे मागे चढत आलं,
आणि गावाचं नाव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून
वरच्या मुरमाड माळावर गेलं.
तिथं त्याला प्लॉट नंबर मिळाले.
खाली उरलं नुसतं स्थान.

रविवारी वेडू भोई मला नावेत घेतो.
सगळीकडे सपाट पाणी, तरी तो सरळ जात नाही.
डावीकडे वळतो, थांबतो, वल्हं उचलून धरतो.
"अठी लोहाराचं बोळ हाये, सर.
भितडाले नाव लागते."
त्याचं वय पस्तीस. या बोळातून
तो एकदाही पायी गेलेला नाही.
बापानं जाळं दिलं, त्यातच गुंडाळून वाटा दिल्या.

त्याच्या सुपडूला मी गृहपाठ दिला होता:
घर ते शाळा, नकाशा काढा.
त्यानं आधी अख्खं पान निळं केलं.
मग निळ्यावर पेन्सिलीनं गल्ल्या,
चावडी, कुणाची तरी केळीबाग, एक विहीर,
आणि विहिरीत पुन्हा निळा, जरा गडद.
सूची नीट.
प्रमाण: एक बोट म्हणजे दहा वल्ही.
शाळा मात्र कागदाच्या बाहेर, समासात.

उत्तरेचा बाण विसरला होता.
अर्धा गुण कापला.
वही परत द्यायला मला आठ दिवस लागले.