लाइन गेली

आमच्या इंदोऱ्यात वीज जात नाही,
लाइन जाते.
मे महिन्यात दुपारी दोन वाजता कूलरचा पंखा
दोन गिरक्या उगाच जास्तीच्या घेऊन थांबला
की अख्ख्या गल्लीतून एकच आवाज: गेली!
काय गेली, ते कोणी विचारत नाही.
पुढच्या मिनिटाला आमच्या दाराशी पाच माणसं,
शालिकभाऊ, काहून गेली जी?

बाबा लाइनमन.
बनियनवर खाकी चढवत, भाकरीचा घास तोंडात,
म्हणायचे, डीओ उडाला असन, पाहून येतो.
मी पाचवीत होते. मला वाटायचं,
लाइन ही कोणी बाई आहे,
सारखी रुसून जाणारी,
आणि बाबा तिची समजूत काढायला खांबावर चढतात.
मी हे आईला सांगितलं.
आई हसली नाही.

शाळेत इंग्रजीच्या वासेकर मॅडमनी फळ्यावर लिहिलं,
लाइन म्हणजे रेषा.
मी हात वर केला. मग बाकीच्या लाइनी?
राशनची लाइन, जिच्यात पहाटे चारला
पिशवीवर दगड ठेवून आई जागा धरते,
ती तर भांडत, वळत, दोनदा नाली ओलांडून जाते.
मामा राहतात ती पोलीस लाइन,
साहेबांच्या झाडांची सिव्हिल लाइन,
आणि इतवारीहून नागभीडला जाते ती छोटी लाइन,
इतकी हळू की वाटेत उतरून
शेंगा घ्याव्या आणि पुन्हा चढावं.
मॅडम म्हणाल्या, गजभिये, बस खाली.
लाइनीत राहा जरा.

दहावीत नितेश खापर्डेच्या सायकलची चेन
नेमकी आमच्याच खांबाखाली पडायची, रोज.
पोट्टा लाइन मारून राहिला तुझ्यावर, मैत्रिणी म्हणाल्या.
मी घाबरून वर पाहिलं, तारांकडे.
आमच्या घरी लाइन मारते
म्हणजे माणूस खांबावरच काळा पडतो.
तूही थोडी लाइन दे ना त्याला, सुलभा म्हणाली.
हिरामणकाकांना अशीच दिली होती कोणीतरी
सबस्टेशनातून, न विचारता,
ते अजून वरच असताना.
हातमोजे स्टोअरमधून यायचे होते.
नितेशला यातलं काय सांगणार?
मी दुसऱ्या रस्त्याने शाळेत जाऊ लागले.

बारावीनंतर जो तो विचारी, कोणती लाइन घेतेस?
बाबा म्हणाले, माझी सोडून कोणतीही.

आता मी महालातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासते.
तिथे लाइनीला ओळ म्हणतात.
ओळ सरळ असते, शांत असते,
चुकली तर फार तर शाई जाते.
संध्याकाळी बाबा विचारतात,
किती लाइनी झाल्या आज?
मी सांगते, नऊशे.
ते मान हलवतात, जणू नऊशे खांब.

आणि हा मेडिकलचा वॉर्ड.
सिस्टर तिसऱ्यांदा सुई टोचून राहिली,
लाइन सापडत नाही म्हणते,
शिरा पार बसल्यात काकांच्या.
जे हात अंधारात, पावसात, नुसत्या पकडीने
साऱ्या उत्तर नागपूरची लाइन शोधून आणत,
त्या हातात आता एक लाइन मिळत नाही.
बाबांचे डोळे मिटलेले. ओठ हलले.
मी कान जवळ नेला.
आधी मेन बंद करा म्हणा तिला.

रात्री दीडला पंखे थांबले.
कोपऱ्यातल्या खाटेवरून कोणीतरी म्हणालं,
गेली!
जनरेटर लागायला आठ-दहा सेकंद गेले असतील.
उजेड आला तेव्हा
बाबांचा एक पाय पलंगाखाली होता,
चप्पल चाचपत.