शिकवणी

हौद क्रमांक सात. पाणी चार अंश.
नेरिया माशाची चाळीस पिल्लं, बोटाच्या पेराएवढी.
जन्मल्यापासून त्यांनी पाहिलंय ते
निळं प्लास्टिक, ट्यूबलाइट,
आणि वरून पडणारं खाणं.
सावली म्हणजे तुइरे, तुइरे म्हणजे जेवण,
एवढंच त्यांचं जगाविषयीचं ज्ञान.

मे महिन्यात साइमा तळ्यावरचा बर्फ फुटेल
आणि यांना सोडायचंय.
तिथे लव्हाळ्यात हाउकी उभा असतो
बुडालेल्या ओंडक्यासारखा, तासन् तास,
कल्ला हलतो की नाही असा.

म्हणून शिकवणी.

आधी एक पिल्लू मारावं लागतं.
ते ती पटकन उरकते. मग पात्याने
त्याची कातडी खरवडून घेते थंड पाण्यात.
भीती कातडीत असते,
फाटल्याशिवाय सुटत नाही,
आणि सुटते तेव्हा ज्याची त्याला
तिचा काडीचा उपयोग उरलेला नसतो.
मासा ओरडत नाही, विरघळतो.
बाकीचे नाकाने ऐकतात.

दुसऱ्या बाटलीत हाउकीच्या टाकीतलं पाणी.
नुसतं पाणी.
दोन्ही एकाच नळीतून, सावकाश.

हौद थिजला.
पिल्लं तळाला टेकली, पर मिटून.
उद्या ती फक्त दुसरी बाटली ओतेल,
तरी थिजतील.
एकदाच पुरतं.

तुइरेच्या घरी होडी होती.
वसंतात बाबा तिला डांबर फासायचे,
पाइनचं, गोडसर, धुरकट.
डांबराचा काय दोष!
पण त्याच बोटांनी संध्याकाळी दार ढकललं जायचं
आणि आई, डाव हातात तसाच धरून,
श्वास आत ठेवायची.
बोलली काही नाही. कधीच नाही.
पलंगाखाली फळीला गाल लावून
तुइरे मोजायची बुटांचे आवाज.
बाबांना जाऊन वीस वर्षं झाली.
अजून धक्क्यावर कुणी होडी डांबरत असलं
की ती बोलता बोलता थांबते,
मग विचारते, मी काय सांगत होते?

वहीत नोंद: थिजली अडतीस.
एक नाही.

ते एक मधोमध फिरत राहिलं
तिच्या सावलीखाली, तोंड उघडून.
पुन्हा ओतलं. पुन्हा तेच.
असल्याला वेगळं काढायचा नियम आहे.
तिने जाळी उचलली, ठेवून दिली.

हात तीनदा धुतले. हुंगले.
हे जगणार नाही, तिला ठाऊक आहे,
लव्हाळ्यापर्यंतसुद्धा नाही.
दिवा मालवण्याआधी ती हौदावर वाकली,
हातात खाणं नव्हतं,
तरी ते वर आलं.