बाक

जालन्याच्या भंगारात मुनीरनं
दोन तुकडे पुढं टाकले.
एक नवा गज, चकचकीत.
दुसरा ट्रॅक्टरचा अ‍ॅक्सल, तुटका, ग्रीस वाळलेलं.
"नवा न्या ना सर, कामून कचरा उचलता?"

नव्याचा गुण मला ठाऊक आहे.
थंडच ओढून काढलेला, ताण पोटात ठेवतो,
एका अंगानं कापला की रात्रीतून बाक धरतो.
गेल्या वर्षी डायलची सुई अकरा घरं सरकली,
अन् माझे दोन महिने गेले.

जुना ग्राइंडरला टेकवला.
ठिणग्या लांब गेल्या, टोकाला फुलल्या.
चालेल.
पण तुटल्या तोंडापासून वीतभर सोडून खूण केली;
मोडलेल्याची चीर आत कुठवर गेलीय
कुणी सांगावं.

घरी वीज नव्हती. हातकरवतीनं बसलो कापत.
तीन पाती, तेलाचे थेंब, मधे चहा.
ज्यानं चाळीस एकर नांगरट ओढली
तो आता बोटाएवढा क्रँक होणार,
जेवणाच्या डब्याएवढ्या इंजिनात फिरणार,
ओढणार काहीच नाही.

रात्री मुनीरचा फोन. "वाकला का?"
अजून कापतोय, म्हटलं.