सोनेगावचा आकडा

नवतपा लागायच्या दोन दिवस आधी
एक पोट्टी आली, तोंडाले दुपट्टा, पाठीवर पिशवी,
अन् माह्या घरात, टिनाच्या खाली
थर्मामीटर टांगून गेली.
म्हणे, मावशी, दिवसातून तीनदा पाहा अन् वहीत लिवा.
सकाळी सात, दुपारी दोन, रात्री दहा.
मी सातवी शिकली. आकडे मले येतात.

पेपरात आलं : नागपूर पंचेचाळीस पॉइंट दोन.
माह्या वहीत : एकोणपन्नास.
झिंगरूभाऊ हसला, म्हणे, दुर्पता,
तुहं नागपूर वेगळंच दिसते.

मंग मी त्या पोट्टीले विचारलं,
पेपरवाले कुठून आणतात वो त्याइचा आकडा?
म्हणे, सोनेगावले, विमानतळापाशी
गवतावर एक लाकडी पेटी उभी हाये.
पांढरी. चार पायांची. चारी अंगानं फटी,
हवा आरपार जाते, ऊन आत येत नाही.
तिच्यात राहते तो थर्मामीटर.

मी गंज वेळ त्या पेटीचाच विचार करत राहिली.
थर्मामीटरले सावली.
थर्मामीटरले दुहेरी छत,
जमिनीपासून उंच, म्हणजे पाणी आलं तरी पाय भिजत नाही.
अन् त्याले कोणी विचारलं नसंन,
भाऊ, पट्टा हाये का तुह्यापाशी?

दुपारचे आकडे सासूबाई सांगते, मी संध्याकाळी लिवते.
दुपारी मी धरमपेठेत असते,
मागच्या बोळीत भांड्याच्या ढिगापाशी,
जिथं एसीचं बुड भिंतीतून बाहेर निघालं हाये.
आतली गरमी ते बोळीत फेकते.
बोळीत मी.

रात्री दहा : अडतीस.
टिन कडकड वाजते थंडं होताना,
म्हाताऱ्याची बोटं मोडल्यासारखं.
त्याचं वाजणं थांबल्याशिवाय पोरगं झोपत नाही,
अन् ते थांबते दीड वाजता.
दीडचा रकाना वहीत नाही.

नवतप्याच्या सातव्या दिवशी
झिंगरूभाऊ हातठेल्यावरच बसला, अन् उठला नाही.
खिशात कांदा होता, नेहमीसारखा. सुकून कागद झाला होता.
दाखल्यावर लिवलं : हृदयक्रिया बंद.
ते तर सगळ्याइचीच बंद होते शेवटी.
मी वहीत शेवटचा रकाना पाहिला, ‘शेरा’,
दीड बोट रुंद,
तिथं लिवलं : झिंगरूभाऊ. मावला नाही पुरा,
‘भाऊ’ खालच्या ओळीत गेला.

मंग आम्ही बायांनी चुना आणला, डिंक घातला,
फुलवंता कुंभरेची सून शिडीवर,
मी खालून बादल्या देत,
पहाटे चार ते सहा, बारा घरांचे टिनं पांढरे केले.
दुसऱ्या दिवशी दुपारी दोन : शेहेचाळीस.
साहेब म्हणे, तीन डिग्रीनं काय होते?
तीन डिग्रीनं, साहेब,
रडून थकलेलं लेकरू दूध पिते.
साहेबानं वही चाळली, परत केली.
म्हणे, मेहनत चांगली हाये, पण
आमाले सोनेगावचाच आकडा धरावा लागते.

भादव्यात रात्री नदी घरात आली,
पट्टा न विचारता. कमरेपर्यंत.
पोरगं खांद्यावर, सिलिंडर पलंगावर,
वही राहिली ती राहिलीच.
तिसऱ्या दिवशी चिखलात सापडली, फुगून वीट झालेली.
सासूबाईनं एकएक पान सोडवलं
अन् टिनावर वाळत घातलं,
त्याच टिनावर. वर गोटे ठेवले.
चुना धुवून गेला होता, तापलं होतं चांगलं.
दोन तासात कडक.

शिसपेन्सिलीनं लिवलं होतं, म्हणून पुसलं नाही.
एकोणपन्नास दिसते. अडतीस दिसते.
‘झिंगरू’ दिसते, ‘भाऊ’वर चिखल हाये.

यंदा नवी वही आणली, दोनशे पानी.
फुटपट्टी घेऊन रकाने आखले,
रात्री दीडचा एक जास्तीचा,
अन् शेऱ्याचा
पार पानाच्या काठापर्यंत.