टोस्टेड म्हणायचं, तळायचं

आमच्या सेंट लुईसमध्ये हिला टोस्टेड राव्हिओली म्हणतात.
म्हणजे भाजलेली.
भाजत कोणीच नाही. कढईभर तेलात तळतात
आणि सरळ तोंडाने भाजलेली म्हणून वाढतात.
आमच्या घरातल्या बऱ्याच गोष्टींची नावं
अशीच पडली आहेत.

मी तळघरातल्या स्वयंपाकघरात उतरते.
वरचं आईने कधी वापरलं नाही, ते दाखवायचं.
त्या ओव्हनच्या काचेवर अजून कंपनीचा कागद आहे.
तळण सगळं खाली, कपडे धुवायच्या मशीनशेजारी,
म्हणून शाळेच्या सदऱ्यांना
सोमवारीसुद्धा लसणाचा वास यायचा.

सारण कालच केलं. बीफचा खिमा,
पिळून पिळून कोरडा केलेला पालक,
किसलेलं चीज, नखभर जायफळ.
पोळी इतकी पातळ लाटली
की खालच्या मेणकापडावरची लिंबं दिसली.
चमचा चमचा सारण, वर दुसरी पोळी,
आणि कडा दाबत जायचं, हवा बाहेर काढत.
आत हवा राहिली की तेलात फुटते.
आई हे एकदाच सांगायची.
मग फुटू द्यायची.

आता अंडं-दूध, मग पावाचा चुरा.
एक हात ओला ठेवायचा, एक कोरडा.
साठ वर्षांत मला ते जमलेलं नाही,
दहाही बोटांना चुऱ्याची टोपडी.

आणि नेमकी गाडी लागते.
तळघराच्या खिडकीतून फक्त टायर दिसतात.
ओरेस्ते. इंजिन बंद, पण दार उघडत नाही.
वीस मिनिटं मी टायरकडे बघत चुरा लावते.
मग त्यांच्या मागे दुसरे टायर,
शिकागोच्या रस्त्याची धूळ घेऊन. टुलिओ.

अकरा वर्षं दोघे कामात होते.
कामात, हे आमच्या घरातलं नाव.
खरा शब्द आईच्या दफनानंतर
पार्किंगमध्ये मोठ्याने उच्चारून झाला होता.

घर विकायचं आहे. तीन सह्या, एवढंच.
टुलिओने फाइल इस्त्रीच्या टेबलावर ठेवली.
ओरेस्ते जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा,
खाली उतरला असंही नाही.
मी चुऱ्याचा एक कण तेलात टाकला.
तो तळाला गेला, विचार केला,
आणि फेसाळत वर आला. आता.

पहिल्या चार सोडल्या. एकीने फट्‌ केलं,
सारण तेलात, तेल माझ्या मनगटावर.

"हवा राहिली,"
दोघेही म्हणाले. एकदम. आईच्याच सुरात,
त्या शेवटच्या अक्षरावरच्या कंटाळ्यासकट.

कोणी हसलं नाही.
ओरेस्ते पायरी उतरला आणि नळ सोडून
माझं मनगट त्याखाली धरलं.
टुलिओने झारा घेतला.
बाकीच्या तांबूस झाल्यावर निथळून काढल्या,
त्या कागदावर ठेवल्या, वर चीज भुरभुरलं,
टोमॅटोचा सॉस तसाच पातेल्यातून.
उभ्यानेच खाल्ल्या. जीभ भाजून घेतली,
थांबायचं आम्हाला कोणी शिकवलंच नाही.
फुटलेली रिकामी कोणी खायची
यावर जरा तणतण झाली.
आईच्या सॉसमध्ये साखर होती की नव्हती
यावर बरीच.

दुसरा ट्रे संपत आला तेव्हा टुलिओने विचारलं,
"आणि जेवायला काय आहे?"

काही नाही.
ही जेवणाआधीची डिश, हे मला माहीत आहे.
पण तुम्ही जेवणापर्यंत थांबाल
असं मी धरलंच नव्हतं.

ओरेस्तेने फ्रीज उघडला. पिठाचा एक गोळा
ओल्या फडक्यात उरला होता.
त्याने लाटणं शोधलं. ते नेहमीच्या जागी नव्हतं,
नेहमीची जागा मी मे महिन्यातच खोक्यात भरली होती.

सह्या झाल्या. रात्री साडेअकराला, मेणकापडावर.
घर गेलं.

गुरुवारी एजंटचा फोन आला,
तिसऱ्या पानावर कसला डाग आहे, तेलाचा का?
म्हटलं, तेल कुठलं.
भाजलं होतं.